परमुलखात डबल क्रीम

ब्रिटन सोडून दुसऱ्या देशात राहायला गेलेल्या ब्रिटिशांच्या काही तक्रारी ठरलेल्या असतात. चहा पाणचट, बेकन भलतंच, आणि डबल क्रीम कुठे मिळत नाही. पहिल्या तक्रारीवर उपाय आहे. चहाची पाकिटं सामानातून नेता येतात. क्रीम मात्र नाशवंत, सतत थंड ठेवावं लागणारं, आणि दुधाचा पदार्थ म्हणून बऱ्याच देशांच्या कस्टमला न चालणारं. त्यामुळे स्पेनच्या किनाऱ्यावर निवृत्तीनंतर स्थिरावलेलं जोडपं असो, अमेरिकेत नोकरीला गेलेलं कुटुंब असो, की गोव्यात हिवाळा काढणारे पाहुणे असोत, प्रश्न तोच: ते घट्ट क्रीम इथे मिळतं का, आणि मिळत नसेल तर घरी करता येतं का?

यावर सल्ले पुष्कळ आहेत. कोणी म्हणतं मास्कारपोने घ्या, कोणी म्हणतं लोणी आणि दूध मिक्सरमधून काढा, कोणी म्हणतं नाद सोडा. हे सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत, कारण प्रत्येक जण वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो. क्रीममध्ये स्निग्धांश किती, त्यावर प्रक्रिया काय झाली, आणि ते वापरायचं कशात, या तीन गोष्टी सुट्या केल्या की वादातला बराच गोंधळ निवळतो. या लेखात तोच प्रयत्न आहे.

आकड्यांची बाजू

ब्रिटनमध्ये क्रीमची नावं स्निग्धांशावर ठरतात. १९९६च्या खाद्यपदार्थ लेबल नियमांत हे किमान आकडे नोंदलेले होते आणि बाजार आजही त्यावरच चालतो: सिंगल क्रीम १८ टक्के, व्हिपिंग क्रीम ३५, डबल ४८, आणि क्लॉटेड क्रीम ५५. म्हणजे डबल क्रीमचा जवळजवळ निम्मा भाग शुद्ध दुधाची चरबी असते.

बाकीच्या जगाची मजल सहसा ३५-३६च्या आसपास थांबते. अमेरिकेच्या कायद्यात ‘हेवी क्रीम’ला किमान ३६ टक्के लागतात आणि त्यावरची पायरीच नाही. जर्मनीतल्या ‘श्लागझाने’ला ३० टक्के पुरतात. फ्रान्समधलं नेहमीचं पातळ क्रीमही ३० टक्क्यांचं; स्पेनमध्ये फेटायचं क्रीम ३५चं आणि स्वयंपाकाचं १८चं. स्वित्झर्लंडमध्ये मात्र ४५ टक्क्यांचं दुहेरी क्रीम मिळतं. ग्रुयेर भागात ते मेरिंगवर घालून खातात, आणि तिथे राहणाऱ्या ब्रिटिशांची फारशी तक्रार ऐकू येत नाही. ऑस्ट्रेलियातही डबल क्रीम मिळतं, पण त्याच फडताळात ‘थिकन्ड क्रीम’ नावाचा डबा असतो आणि नवखा माणूस तिथे फसतो. ते ३५ टक्क्यांचं असतं. घट्टपणा जिलेटिनसारख्या पदार्थांनी आणलेला असतो. भारतात घरोघरी दिसणारं अमूलचं फ्रेश क्रीम २५ टक्क्यांचं आहे. ते कितीही फेटलं तरी फुलत नाही, कारण फेटून फुलायला साधारण ३० टक्के तरी स्निग्धांश हवा. केक करणाऱ्या मराठी गृहिणींनी हा धडा पूर्वीच घेतला आहे.

पण आकडा म्हणजे सगळं नव्हे, याचा पुरावा खुद्द ब्रिटिश दुकानातच आहे. ‘एक्स्ट्रा थिक डबल क्रीम’ म्हणून जे मिळतं त्यातही स्निग्धांश ४८च असतो. फरक एवढाच की ते होमोजिनाइज केलेलं असतं, म्हणजे दाबाखाली बारीक फटीतून ढकलून चरबीचे गोळे फोडलेले असतात. ते चमच्याने उचलून पुडिंगवर ठेवायला छान, फेटायला निकामी. तेव्हा घट्टपणा आणि स्निग्धांश यांचं नातं असलं तरी त्या एकच गोष्टी नाहीत.

प्रश्न नवा नाही

क्रीमवाचून अडलेले ब्रिटिश हे दृश्य हिंदुस्थानातही होतं. फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांचं ‘द कम्प्लीट इंडियन हाउसकीपर अँड कुक’ हे पुस्तक १८८८ साली निघालं, आणि त्यात मेमसाहेबांना स्वयंपाकाबरोबर गाई पाळण्याचे आणि घरच्या दूधदुभत्याचेही सल्ले होते. लष्कराने वेगळा मार्ग काढला. १८८९ साली अलाहाबादला पहिलं लष्करी दुग्धालय सुरू झालं; मग ठिकठिकाणच्या छावण्यांत ती निघाली. पुण्याजवळ पिंपरीचं मिलिटरी डेअरी फार्म हे नाव जुन्या माणसांच्या अजून तोंडात आहे. ही व्यवस्था थेट २०२१ साली बंद झाली. छावणीपासून लांब राहणाऱ्यांसाठी डबाबंद, निर्जंतुक केलेलं क्रीम होतं. ते टिकायचं, पण शिजवल्याची चव जायची नाही.

दुसरा अनुभव मायदेशातलाच. दुसऱ्या महायुद्धात दूध पिण्यासाठी आणि चीजसाठी राखून ठेवायचं म्हणून १९४० साली ब्रिटनमध्ये क्रीमच्या विक्रीवर बंदी आली. ती उठली १९५३ साली. तेरा वर्षं एका पिढीने क्रीम पाहिलंच नाही म्हटलं तरी चालेल. त्या काळात मार्गारीन, दूध आणि कॉर्नफ्लॉर घोटून ‘मॉक क्रीम’ व्हायचं. युद्धाआधीपासून काही घरांत ‘बेल’ नावाचा छोटा हातपंपही होता: वितळलेलं लोणी आणि दूध त्यात ओतायचं, दांडा दाबत राहायचं, आणि खालून क्रीम यायचं. यंत्राचं तत्त्व होमोजिनायझरचंच, जो फ्रान्सच्या ओग्यूस्त गोलॅंने १८९९मध्ये पेटंट केला होता. परदेशी राहणाऱ्यांना आज जो ‘मिक्सरचा उपाय’ सांगितला जातो, तो या पंपाचाच वारस आहे.

तिथलंच घ्या म्हणणारे

पहिला पक्ष व्यवहारी आहे. त्याचं म्हणणं, डबल क्रीम शोधत बसू नका. काम पाहा आणि त्या कामाला तिथे जे मिळतं ते घ्या.

फेटण्याच्या बाबतीत हा पक्ष बरोबर आहे, आणि यात वाद असू नये. ४८ टक्क्यांचं क्रीम फार लवकर फेटलं जातं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच लोण्याकडे झुकतं. ब्रिटिश गृहिणी त्यात चमचाभर दूध घालतात ते उगीच नव्हे. ३५-३६चं क्रीम नीट गार असेल तर जास्त फुलतं आणि हाताळायलाही सोपं. ट्रायफलवरचा थर किंवा ईटन मेससाठी अमेरिकन किंवा स्पॅनिश क्रीमला नावं ठेवायचं कारण नाही. लिंबाचं पॉसेट, म्हणजे साखर घालून उकळलेल्या क्रीममध्ये लिंबाचा रस घालून, गार करून घट्ट बसवलेला पदार्थ, तोही या क्रीमने बसतो. जरा मऊ बसतो, इतकंच.

सॉसचं गणित वेगळं. वाइन किंवा टोमॅटोचा आंबटपणा आणि वरून आच मिळाली की दुधातलं केसीन हे प्रथिन गोळा होतं आणि सॉस फाटतो. स्निग्धांश जितका जास्त, तितका केसीनचा वाटा कमी, आणि फाटण्याचा धोकाही कमी. डबल क्रीम बिनधास्त उकळता येतं ते यामुळे. २०-२५ टक्क्यांचं क्रीम तेवढं खंबीर नसतं. इथे फ्रेंच क्रेम फ्रेश कामाला येतं. ते विरजलेलं असल्याने आंबट असतं, पण उकळीला टिकतं. सॉसमध्ये तो आंबटपणा खपून जातो. गरम ॲपल क्रम्बलवर मात्र तो लगेच जाणवतो, आणि व्यवहारी पक्षाची अडचण नेमकी इथून सुरू होते.

कारण ब्रिटिश माणसाला डबल क्रीम सगळ्यात जास्त हवं असतं ते न फेटता, न शिजवता, नुसतं वरून ओतायला. त्या वेळी क्रीमला लपायला जागा नसते. मास्कारपोने हा सर्वांत जवळचा पर्याय सांगतात. त्याचा स्निग्धांश चाळीसच्या वर असतो आणि चव सौम्य असते. पण ते क्रीम तापवून, आम्ल घालून, निथळून केलेलं चीज आहे. ते ओतलं जात नाही. त्याचा लगदा राहतो. थोड्या क्रीमने सैल केलं की बरं जमतं. ज्यांनी हे करून पाहिलंय त्यांतले बहुतेक समाधानी दिसतात, आणि उरलेले आयुष्यभर कुरकुरतात.

मग राहिलं आयात. अमेरिकेत इंग्लंडहून आलेल्या १७० ग्रॅमच्या काचेच्या बरण्या मिळतात. त्यांतलं क्रीम टिकावं म्हणून भरपूर तापवलेलं असतं, किंमतही तशीच. युरोपीय संघात १ जानेवारी २०२१पासून ब्रिटनहून येणाऱ्या प्रवाशाला स्वतःपुरतंही दूध वा मांस नेता येत नाही. सुरुवातीच्या दिवसांत डच कस्टमने प्रवाशांची सँडविचं जप्त केल्याची दृश्यं गाजली होती. तेव्हा पाहुण्यांना सांगून क्रीम मागवायचा जुना रस्ताही बंद झाला.

घरी करा म्हणणारे

दुसरा पक्ष म्हणतो, क्रीम म्हणजे दुधातली चरबी आणि पाणी. प्रमाण आपल्या हातात आहे. हिशेब अवघड नाही. डेअरीवाले तो एका चौकोनात मांडतात: हव्या असलेल्या आकड्यापासून दोन्ही घटक किती लांब आहेत ते काढायचं, आणि ती अंतरं उलटी वाटून द्यायची. ३६ टक्क्यांचं अमेरिकन क्रीम आणि ८० टक्क्यांचं बिनमिठाचं लोणी घेतलं तर ७३ ग्रॅम क्रीमला २७ ग्रॅम लोणी घालून १०० ग्रॅम डबल क्रीमचा आकडा जमतो. भारतात २५ टक्क्यांचं क्रीम असेल तर ५८ ग्रॅम क्रीम आणि ४२ ग्रॅम लोणी. क्रीम अजिबातच नसेल तर ५७ ग्रॅम लोणी आणि ४३ ग्रॅम ६ टक्क्यांचं दूध.

कृती अशी सांगतात: दूध किंवा क्रीम मंद आचेवर कोमट करून त्यात लोणी विरघळवायचं, उकळू द्यायचं नाही, गरम असतानाच मिक्सरमधून चांगलं फिरवायचं, पटकन गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. चरबी गारव्यात घट्ट होते आणि सकाळी ते क्रीमसारखं दिसतं. लोणी बिनमिठाचंच हवं; आपल्याकडच्या पिवळ्या खारट लोण्याने हे करायला गेलात तर पुढचं सांगायला नको.

दिसण्याबद्दल वाद नाही, वागण्याबद्दल आहे. गाईच्या दुधात चरबीचे गोळे एका पातळ पडद्यात असतात, आणि लोणी घुसळताना नेमका तोच पडदा फुटलेला असतो. मिक्सर ती चरबी पुन्हा दुधात पसरवतो, पण मूळ पडदा परत येत नाही. गोळ्यांभोवती दुधातली प्रथिनं बसतात. ओतायला आणि सॉसला असं क्रीम चालतं याबद्दल दोन्ही बाजू सहमत आहेत. फेटण्याबद्दल मात्र अनुभव वेगवेगळे आहेत. कोणाचं फुलतं, कोणाचं कणीदार होतं, आणि बऱ्याचदा यात दोष कृतीचा की मिक्सरच्या ताकदीचा, हे ठरवता येत नाही. माझं मत विचाराल तर फेटायला हा खटाटोप करूच नये. त्या कामाला दुकानातलं ३५ टक्क्यांचं क्रीम आहेच, आणि ते जास्त चांगलं आहे.

क्लॉटेड क्रीम

खरा वाद इथे आहे. क्लॉटेड क्रीम म्हणजे डेव्हन आणि कॉर्नवॉल या नैर्ऋत्येकडच्या परगण्यांतलं, वर सोनेरी पापुद्रा असलेलं घट्ट क्रीम. स्कोनवर जॅम आधी की क्रीम आधी, यावर हे दोन परगणे भांडतात. कॉर्नवॉलवाले जॅम आधी लावतात. कॉर्निश क्लॉटेड क्रीमला १९९८पासून युरोपीय भौगोलिक संरक्षण आहे आणि त्यातही ५५ टक्क्यांचा आकडा पाळावा लागतो. टॅव्हिस्टॉकच्या मठातल्या साधूंनी हजार वर्षांपूर्वी ब्रेड, क्रीम आणि जॅम वाटल्याची कथा डेव्हनमध्ये सांगतात. कथा म्हणून ती छान आहे.

जुन्या रीतीत दूध पसरट भांड्यांत ठेवून साय वर येऊ द्यायची, मग मंद उष्णतेवर तासन्‌तास धरायचं आणि न हलवता गार करायचं. आज परदेशात घरी करणारे साधारण ८० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये क्रीमचं उथळ भांडं बारा तास ठेवतात, मग फ्रिजमध्ये गार करून वरचा थर अलगद उचलतात. खाली उरलेलं पातळ दूध स्कोनच्या पिठात जातं.

वाद हा की, अमेरिकेतल्या बहुतेक क्रीमने हे होतं का? तिथलं क्रीम ‘अल्ट्रा-पाश्चराइज्ड’ असतं, म्हणजे १३८ अंशांवर किमान दोन सेकंद तापवलेलं, आणि त्यात अनेकदा कॅरगीननसारखा समुद्री शेवाळापासूनचा घटक असतो, जेणेकरून थर सुटू नये. थर सुटणं हाच तर क्लॉटेड क्रीमचा प्राण. शिवाय गाईच्या दुधातली जी प्रथिनं चरबीच्या गोळ्यांना एकत्र चिकटवून वर आणतात, ती इतक्या उष्णतेत टिकत नाहीत. म्हणून एक बाजू ठामपणे सांगते की साधं पाश्चराइज केलेलं, होमोजिनाइज न केलेलं क्रीमच हवं. दुसरी बाजू तितक्याच ठामपणे सांगते की आम्ही दुकानातलं क्रीम घेऊन केलं आणि झालं. दोघंही खोटं बोलत नसावीत. क्रीममध्ये काय घातलंय ते डब्यागणिक बदलतं. घटकांच्या यादीत ‘क्रीम’ या एकाच शब्दावर काम भागलेलं असेल तर यशाची शक्यता जास्त, एवढं मान्य करायला हरकत नाही.

या भागात एक गोष्ट पुरेशी बोलली जात नाही: गार करणं. बारा तास गरम राहिलेलं दूध ओट्यावर आणखी काही तास ठेवलं, तर उष्णतेत तगून राहिलेले जंतूंचे बीजाणू पुन्हा वाढायला लागतात. जुन्या कृतीत थंड दगडी दूधघर गृहीत होतं; दुबईचा किंवा मुंबईचा स्वयंपाकघरातला ओटा नव्हे. भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून लवकर गार करावं आणि लगेच फ्रिजमध्ये टाकावं.

म्हशीचा मुद्दा

ब्रिटिश चर्चेत गाय गृहीत धरलेली असते, आणि तीही जर्सी किंवा गर्न्सी, जिच्या दुधात ५ टक्क्यांच्या आसपास चरबी असते आणि क्रीमला पिवळसर छटा येते. भारत, तुर्कस्तान, इराक अशा मुलखांत म्हैस आहे, आणि तिथे हा प्रश्न निम्मा सुटलेला आहे. तुर्कस्तानातल्या अफ्योनचं कायमाक म्हशीच्या दुधाचं. खसखशीची पेंड खाणाऱ्या म्हशींचं म्हणून त्याचं नाव. ते मंद आचेवर जमवलेल्या थराची गुंडाळी करून विकतात, मधाबरोबर खातात. तिथल्या किनाऱ्यावर राहणारे ब्रिटिश क्लॉटेड क्रीमच्या जागी सर्रास तेच घेतात, आणि चांगलं करतात.

आपली साय त्याच घराण्यातली. म्हशीच्या दुधात ६ ते ८ टक्के स्निग्धांश, गोळे मोठे. गाईच्या दुधातली ती चिकटवणारी प्रथिनं म्हशीच्या दुधात जवळजवळ नसतात, त्यामुळे नुसतं ठेवून साय वर यायला वेळ लागतो. पण तापवून पसरट भांड्यात हळू गार केलं की थर जाड येतो. तुपासाठी रोज साठवलेली, विरजणाच्या वाटेवर असलेली साय इथे उपयोगाची नाही. ताजं, होमोजिनाइज न केलेलं म्हशीचं दूध पसरट पातेल्यात उकळी न आणता दोन-तीन तास मंद आचेवर ठेवून, न हलवता गार करून, दुसऱ्या दिवशी काढलेली साय क्लॉटेड क्रीमच्या बरीच जवळ जाते. तिच्यात प्रथिनांचा पापुद्रा जास्त असतो आणि रंग पांढरा राहतो, कारण म्हैस कॅरोटीनचं जीवनसत्त्व अ करून टाकते. पिशवीच्या दुधावर ‘होमोजिनाइज्ड’ लिहिलेलं असेल तर मात्र नाद सोडावा.

महाबळेश्वर-पाचगणीला स्ट्रॉबेरी विथ क्रीम खाणाऱ्या ब्रिटिश पाहुण्याला विम्बल्डनची आठवण येते, पण क्रीम वेगळं निघतं. आपल्याकडच्या बेकऱ्यांत वापरलं जाणारं ‘व्हिप क्रीम’ बहुधा वनस्पती तेलाचं असतं. त्या प्रकारचं पहिलं सोयाबीनचं क्रीम रॉबर्ट रिच यांनी १९४५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात काढलं. गावाचं नाव ऐकून फसू नये. म्हशीचा त्यात काडीचा संबंध नाही.

काय सुटलं, काय नाही

ओतायचं आणि सॉसचं डबल क्रीम कुठल्याही देशात लोणी घालून करता येतं, हा मुद्दा मिटल्यात जमा आहे. फेटण्याचा प्रश्न मुळात प्रश्नच नव्हता. लोण्यापासून केलेलं क्रीम फेटलं जातं की नाही, आणि जास्त तापवलेल्या क्रीमचं क्लॉटेड क्रीम भरवशाने होतं की नाही, या दोन गोष्टी उघड्या आहेत. चवीबद्दलचा वादही मिटणारा नाही, कारण कॉर्नवॉलचं गवत आणि तिथली गाय मिक्सरमध्ये घालता येत नाही, असं म्हणणाऱ्यांना उत्तर देणं अवघड आहे. कस्टमची बाजू बदलू शकते: ब्रिटन आणि युरोपीय संघ यांनी मे २०२५मध्ये अन्नाच्या तपासणीबाबत समझोता करायचं ठरवलं आहे, पण प्रवाशाच्या पिशवीतल्या क्रीमचं त्यात काय होईल, ते समझोत्याच्या मसुद्यावर अवलंबून राहील.

तोवर परदेशी राहणाऱ्या माणसाने दुकानात जाताना पदार्थ आधी ठरवावा, मग डब्यावरचा स्निग्धांश आणि घटकांची यादी वाचावी, आणि पुढे लिहिलेल्या मोठ्या अक्षरांतल्या नावाकडे दुर्लक्ष करावं. भारतात असाल तर ओळखीचा म्हशीचा गवळी गाठा.